कुत्र्याची भीती : खरी किती आणि सवयीची किती?

पहाटेचे पाच वाजलेले असतात. गोकुळ रोडवरचे दिवे अजून मालवलेले नसतात. नव्या बसस्थानकाकडे पहिल्या गाड्यांची घरघर सुरू झालेली असते. गोकुळ गावाकडून कोणी सायकलला दुधाचे कॅन अडकवून येत असतो, कोणी पहिली गाडी पकडायला निघालेली असते, तर कोणी सकाळच्या मिस्सेला. औद्योगिक वसाहतीच्या वळणावर चार-पाच कुत्री अंग चोरून पडलेली असतात. त्यांतले एखादे उठते, मान वर करते आणि भुंकते. तेवढ्याने एखाद्या धडधाकट माणसाच्या पायांतले बळ जाते. तो सायकल वळवतो आणि मैलभराचा वळसा घालून जातो. दुसऱ्या दिवशी तो तसाच वळसा घालतो, आणि पुढे वर्षानुवर्षे घालत राहतो.

अशी माणसे आपल्यात पुष्कळ आहेत. बैलाच्या शिंगांना न भिणारा, रात्री एकटा मळ्यावर पाणी देणारा शेतकरी कुत्रा दिसला की घाम पुसतो आणि ही गोष्ट लाजेने कोणाला सांगत नाही. घरात मुलाला अशी भीती असली तर आपण त्याला हसतो किंवा "भित्रा कुठला!" म्हणून दटावतो. हसण्याने भीती जात नाही आणि दटावण्याने तर ती आत दडते. ही भीती घालवता येते. मात्र त्याआधी तिचे दोन भाग करावे लागतात. एक भाग खरा आहे, त्यावर साबण, पाणी आणि लस हा उपाय आहे. दुसरा भाग सवयीचा आहे, त्यावर धीराने व पायरी पायरीने केलेला सराव हा उपाय आहे. हे दोन भाग एकमेकांत मिसळले की माणूस कुत्र्याला नको तेव्हा भितो, आणि भिऊन धावपळ करायला हवी तेव्हा स्वस्थ बसतो.

भीतीचा खरा भाग

कुत्र्याला भिणारा मनुष्य अगदीच चुकीचा नसतो. रेबीज, म्हणजे आपण ज्याला कुत्रा पिसाळणे म्हणतो तो रोग, एकदा माणसात उघड झाला की जवळजवळ कधीच बरा होत नाही. जगात या रोगाने वर्षाला सुमारे ५९ हजार माणसे दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. संशयित जनावर चावलेल्यांत १० पैकी ४ जण १५ वर्षांखालील मुले असतात, असेही ती संघटना सांगते. आपल्या देशात २०२२-२३ मध्ये झालेल्या मोठ्या पाहणीवरून असे दिसले की वर्षाला सुमारे ९१ लाख लोकांना जनावरे चावतात आणि त्यांतील तीन चतुर्थांश चावे कुत्र्यांचे असतात. मृत्यूंचा अंदाज वर्षाला ५ हजार ७०० च्या आसपास निघाला.

हे आकडे शांतपणे शेजारी ठेवून पाहावेत. चावे लाखांनी आहेत आणि मृत्यू हजारांनी. हा फरक कशामुळे पडतो? एक तर चावणारे प्रत्येक कुत्रे पिसाळलेले नसते. दुसरे म्हणजे बहुतेक लोक वेळेवर लस घेतात. पण त्याच पाहणीत चावलेल्यांपैकी सुमारे एक पंचमांश लोकांनी लसच घेतली नव्हती. आपण खरे भ्यायचे ते इथे. रस्त्यावरच्या भुंकण्यापेक्षा, चावल्यानंतर गप्प बसणे अधिक घातक आहे.

चौदा सुयांचा बागुलबुवा

मग लोक गप्प का बसतात? याचे एक कारण जुने आहे. आपल्या वडीलधाऱ्यांनी पोटात घेतलेल्या चौदा इंजेक्शनांच्या गोष्टी आपण लहानपणी ऐकल्या आहेत. त्या गोष्टी खोट्या नव्हत्या. मेंढीच्या मेंदूपासून तयार केलेली ती लस पोटाच्या कातडीत रोज एक याप्रमाणे टोचावी लागे. पोट सुजे, दुखे, आणि क्वचित कोणाला त्या लसीनेच लकव्यासारखा त्रास होई. कुत्रा चावला हे घरी सांगितले तर चौदा सुया टोचतील, या धास्तीने मुले चावा लपवत.

ती लस आपल्या देशात २००४ च्या अखेरीस बंद झाली. बागुलबुवा मात्र घराघरांतून अजून फिरतो आहे. "शहाण्यासारखा वाग, नाहीतर चौदा इंजेक्शने!" असे आजही काही घरांत मुलांना सांगतात. कृपा करून हे सांगणे बंद करावे. आजची लस दंडात देतात, अगदी लहान मुलांना मांडीत देतात. कातडीत टोचण्याची पद्धत असेल तर चावल्यानंतर पहिल्या दिवशी आणि मग तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी, प्रत्येक वेळी दोन ठिकाणी अगदी थोडी लस देतात. स्नायूत टोचण्याची पद्धत असेल तर चौदाव्या दिवशीही एक मात्रा असते. सरकारी रुग्णालयांत ही लस मोफत मिळते.

लसीचा इतिहासही मुलांना सांगण्यासारखा आहे. १८८५ च्या जुलै महिन्यात पॅरिसमध्ये जोसेफ माइस्टर नावाच्या ९ वर्षांच्या मुलाला त्याची आई लुई पाश्चर यांच्याकडे घेऊन आली. पिसाळलेल्या कुत्र्याने त्याला अनेक ठिकाणी चावे घेतले होते. पाश्चर यांनी तोवर जनावरांवर आजमावलेली लस त्याला टोचली आणि तो मुलगा वाचला. पाश्चर यांचा मृत्यू १८९५ साली २८ सप्टेंबरला झाला. त्यांच्या आठवणीने तोच दिवस आता जगभर रेबीज दिन म्हणून पाळतात. त्या आईने चावा लपवला असता तर ही गोष्ट घडलीच नसती.

चावल्यास काय करावे

हे कागदावर उतरवून घरात दाराच्या मागे लावून ठेवावे.

१. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली धरून साबणाने १५ मिनिटे धुवावी. घड्याळ लावून धुवावी. रेबीजचे विषाणू साबणाने मरतात. अंगाचा साबण नसला तर कपड्यांचा चालतो. नंतर आयोडीनचे औषध असल्यास लावावे.

२. तिखट, चुना, हळद, तेल, कॉफीची पूड यांपैकी काहीही जखमेत भरू नये. डाग देऊ नये. टाके शक्य तोवर घालत नाहीत, तो निर्णय डॉक्टरवर सोडावा.

३. त्याच दिवशी दवाखान्यात जावे. प्राथमिक आरोग्य केंद्र, धारवाडचे जिल्हा रुग्णालय किंवा हुबळीचे मोठे सरकारी रुग्णालय, ज्याला लोक अजून किम्स म्हणतात, यांपैकी जे जवळ असेल ते गाठावे.

४. रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत व तिच्याभोवती टोचण्याचे वेगळे औषधही लागते. त्याला इम्युनोग्लोब्युलिन म्हणतात. लसीचा परिणाम सुरू होईपर्यंत ते राखण करते. त्याविषयी डॉक्टरांना आपण होऊन विचारावे.

५. कुत्रे ओळखीचे असेल तर ते १० दिवस नजरेखाली ठेवावे. पण त्या दहा दिवसांसाठी लस थांबवू नये. लस सुरू करावी. दहा दिवसांनी कुत्रे ठणठणीत असल्यास पुढचे काय ते डॉक्टर सांगतील.

६. सर्व मात्रा पूर्ण कराव्यात. मटण, अंडी, वांगे बंद करण्याचे काही कारण नाही. या लसीला पथ्य नाही.

रोग उघड होण्यास बहुधा १ ते ३ महिने लागतात, क्वचित वर्षही लागते. म्हणून उशीर झाला असला तरी "आता काय उपयोग" असे म्हणू नये. आठवड्यापूर्वीचा चावा आज कोणी सांगितला तरी त्याला आजच दवाखान्यात न्यावे.

शेतकऱ्यांसाठी आणखी एक इशारा. गाय-म्हैस-बैल यांनाही पिसाळलेले कुत्रे चावल्यास हा रोग होतो. जनावर लाळ गाळू लागते, गिळता येत नाही, आवाज घोगरा होतो. घशात काही अडकले असेल असे समजून आपण सरळ तोंडात हात घालतो. असे कधीही करू नये. पशुवैद्याला बोलवावे. अशा जनावराची लाळ हाताच्या जखमेला लागली असल्यास स्वतःसाठीही डॉक्टर गाठावा. दूध कच्चे पिऊ नये. उकळल्याने विषाणू मरतो. आणि कुत्रे जनावराला चावल्याचे दिसले तर वाट न पाहता त्यालाही पशुवैद्याकडून लस टोचून घ्यावी.

भीतीचा सवयीचा भाग

एवढे माहीत असले आणि घरातल्यांनाही माहीत असले, की मनावरचे अर्धे ओझे उतरते. तरीही पहाटे कुत्रे दिसले की छाती धडधडतेच. ही भीती विचारांतून येत नाही. लहानपणी एखादे कुत्रे अंगावर आले, किंवा आई कुत्रे पाहून किंचाळली, तेव्हा शरीराने तो धडा गिरवून ठेवला. त्यानंतर आपण प्रत्येक वेळी वळसा घातला. वळसा घातला की लगेच हायसे वाटते, आणि मन समजते, "पाहा, पळालो म्हणून वाचलो." आपण वळसा घालतो आणि भीती तेवढी जोर धरते. बुजलेल्या बैलाला दर वेळी पुलापासून माघारी नेले तर तो पुलाला कायमचा बुजतो, तसेच हे आहे.

बुजलेल्या बैलाला आपण काय करतो? ओढत नेत नाही. दुरून दाखवतो, थांबतो, चारतो, दुसऱ्या दिवशी चार पावले पुढे नेतो. माणसाचेही तसेच आहे, आणि शास्त्रज्ञांनी ते तपासून पाहिले आहे. १९२४ साली अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स या बाईंनी पीटर नावाच्या तीन वर्षांच्या मुलाची सशाची भीती घालवली. तो आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातला ससा खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवत. मग मुलाला सोसेल तसतसा जवळ आणत. शेवटी तो सशाला बोटे कुरतडू देऊ लागला.

कुत्र्यांविषयीचाच प्रयोग १९६७ साली अल्बर्ट बंडुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. कुत्र्याला भिणाऱ्या ३ ते ५ वर्षांच्या मुलांना त्यांनी काही उपदेश केला नाही. त्यांच्याच वयाचा एक न भिणारा मुलगा कुत्र्याशी कसा खेळतो, एवढेच चार दिवसांत आठ वेळा, थोडा थोडा वेळ दाखवले. नंतर सुमारे दोन तृतीयांश मुले कुत्र्याजवळ एकटी बसू शकली. मोठ्यांच्या शंभर दटावण्यांपेक्षा बरोबरीच्या मुलाची एक कृती अधिक शिकवते. आणि याचीच दुसरी बाजू अशी की, आई कुत्रे पाहून पदर सावरत पळाली तर मूल तेही शिकते.

पायऱ्या

घरच्या घरी करता येण्यासारख्या पायऱ्या अशा. प्रत्येक पायरीवर भीती उतरेपर्यंत थांबावे आणि मगच पुढे जावे. एका पायरीला दोन दिवस लागोत की दोन आठवडे, घाई नाही.

पहिली पायरी चित्राची. पुस्तकातले कुत्रे पाहावे, मुलाने ते रंगवावे. संत रॉक यांच्या चित्रात त्यांच्या पायाशी तोंडात भाकरी धरलेले कुत्रे असते, ते मुलांना दाखवावे आणि त्याची गोष्ट सांगावी.

दुसरी पायरी दुरून पाहण्याची. घराच्या खिडकीतून किंवा ओट्यावरून रस्त्यावरची कुत्री रोज दहा मिनिटे पाहावीत. ती काय करतात? बहुतेक वेळ झोपतात, खाजवतात, वास घेत फिरतात. दिवसभरात ती आपल्याकडे किती वेळा पाहतात हे मोजावे. हा आकडा फार लहान निघतो.

तिसरी पायरी ओळखीच्या कुत्र्याची. शेजारी किंवा नातेवाइकाकडचे वयस्क, शांत, लस टोचलेले कुत्रे निवडावे. मालकाने ते साखळीने धरावे. वीस पावलांवर उभे राहून मालकाशी गप्पा माराव्यात. छाती शांत झाली की पंधरा पावलांवर यावे, मग दहा, मग पाच.

चौथी पायरी शेजारून चालण्याची. मालक कुत्रे घेऊन पुढे चालत असताना आपण बाजूने चालावे. त्याच्या डोळ्यांत पाहू नये.

पाचवी पायरी स्पर्शाची. ती केलीच पाहिजे असे नाही. करायची तर मालकाला विचारून, कुत्र्याला आधी हाताचा वास घेऊ देऊन, डोक्यावर न थोपटता मानेच्या बाजूला हात लावावा.

एक गोष्ट मात्र कधी करू नये. भिणाऱ्या मुलाला धरून कुत्र्याच्या पुढ्यात उभे करू नये. त्याने भीती मोडत नाही, विश्वास मोडतो.

कोणाची भीती इतकी असेल की घराबाहेर पडणे, शाळा किंवा मळा सुटतो, तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. धारवाडची डिमहान्स ही सरकारी मानसिक आरोग्य संस्था आपल्या दारातच आहे. शिवाय १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर दूरध्वनीने मोफत सल्ला मिळतो.

रस्त्यावर कसे वागावे

गोकुळ रोडवरची कुत्री साखळीला बांधलेली नसतात. म्हणून सरावाबरोबर थोडी त्यांची भाषाही शिकावी. अंग सैल, शेपटी सहज हलती, तोंड थोडे उघडे असेल तर त्याचे आपल्याशी काही भांडण नाही. अंग ताठ, शेपटी उंच व कडक, मानेवरचे केस उभे, नजर रोखलेली असेल तर ते सांगते आहे, "दूर हो." शेपटी पायांत घालून कोपऱ्यात दबलेले कुत्रे आपल्याहून जास्त भ्यालेले असते, आणि भ्यालेले कुत्रेच पुष्कळदा चावते.

खाणाऱ्या, झोपलेल्या, पिल्ले असलेल्या कुत्रीच्या वाटेला जाऊ नये. कुत्रे अंगावर येऊ लागले तर पळू नये, ओरडू नये. झाडासारखे उभे राहावे, हात अंगाशी घ्यावेत, नजर खाली ठेवावी, मग हळूहळू बाजूने मागे सरावे. सायकल किंवा मोटारसायकलचा पाठलाग झाला तर वेग कमी करावा आणि जमल्यास उतरून सायकल मध्ये धरावी. पळणाऱ्या चाकामागे धावणे हा कुत्र्याचा स्वभाव आहे, चाक थांबले की बहुधा खेळ संपतो. खाली पडल्यास गुडघे पोटाशी घेऊन, मानेमागे हात बांधून गाठोड्यासारखे पडून राहावे. दगड मारू नये. एक मारलेला दगड पुढच्या दहा वाटसरूंना महागात पडतो.

टोळ्या जमतात त्या उकिरड्याजवळ. कोंबडीची पिसे-आतडी आणि खरकटे रस्त्याच्या कडेला टाकले की कुत्री आपणच बोलावलेली असतात. शेतात खड्डा करून ती पुरली तर खतही होते. आपल्या घरच्या कुत्र्याला तीन महिन्यांचे झाल्यावर लस टोचावी आणि पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे पुन्हा टोचत राहावी. एखाद्या भागातील ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली की तिथली रोगाची साखळी तुटते.

मुधोळचा धडा

भीती गेली म्हणजे प्रत्येक कुत्र्याच्या गळ्यात पडायचे, असा अर्थ नाही. हे शिकवणारे कुत्रे आपल्याच मुलुखातले आहे. बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी रानावनातल्या शिकारी कुत्र्यांची ही सडपातळ, वाऱ्यासारखी धावणारी जात जोपासली आणि इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज याला भेट दिली. महाराष्ट्रात तिला कारवानी म्हणतात. २००५ साली तिचे टपाल तिकीट निघाले, २०१६ साली तिची पिल्ले लष्कराने मेरठला शिकवणीसाठी नेली. मुधोळजवळ तिम्मापूर येथे या जातीचे सरकारी संशोधन केंद्र आहे. शेतकरी मळ्याच्या राखणीला हे कुत्रे पाळतात. पण परक्याने अंगाला हात लावलेला त्याला खपत नाही. ते इमानी आहे, पण ते अंतर राखून असते. आपणही तसेच राहावे. मनात भीती नको आणि वागण्यात सलगीही नको.

उद्या पहाटे त्या वळणावर वळसा घालण्याआधी क्षणभर थांबावे. दुरून पाहावे. परवा चार पावले पुढे जावे. आणि आज रात्री जेवताना मुलांना एवढेच सांगावे : "कुत्रे चावले, नख लागले, तर लगेच सांग. कोणी रागावणार नाही. चौदा सुया आता नाहीत." हे वाक्य ज्या घरात बोलले गेले, त्या घरातले मूल चावा लपवणार नाही.